पस्तीस हजार सांगणारी एजन्सी आणि तीस हजार देणारी

मला पुण्यात कंत्राटी नर्सिंगचं काम देणाऱ्या एजन्सीचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगते. एक तर मला पुन्हा तिच्याकडेच काम मागायला जायचंय. आणि बाकीच्यांबद्दल जे लिहिणार आहे ते नावानिशी लिहिलं तर उद्या दारात कोण उभं राहील सांगता येत नाही. सोलापूर लहान आहे. नर्सिंगचं सोलापूर त्याहून लहान. सकाळी एका हॉस्पिटलात राजीनामा दिला की दुपारच्या शिफ्टला दुसऱ्या हॉस्पिटलच्या इन्चार्ज सिस्टरला कळलेलं असतं.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, वय २६, घर अशोक चौकाच्या पलीकडे. इथल्याच एका तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षं आयसीयू केली. आयसीयू म्हणजे पाच खाटा, दोन व्हेंटिलेटर आणि मी. पगार शेवटी शेवटी १६,५००. कामाबद्दल तक्रार नाही. इंट्युबेशनला (श्वासनलिकेत नळी घालताना) हात द्यायला, एबीजीचं म्हणजे धमनीतल्या रक्ताचं सॅम्पल घ्यायला, सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) सांभाळायला मी तिथेच शिकले. नड होती ती खाटांची. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला जीएनएमवालीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तोही किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला. म्हणजे माझी तीन वर्षं त्या हिशेबात शून्य. खुल्या गटाला वयाची अट ३० आहे, तेव्हा बसून राहायला वेळही नव्हता.

पुण्यात जायचं ठरलं. पण कायमचं जायचं तर आईचे गुडघे, अण्णांचं बी.पी., घरातलं चार दिवसांनी येणारं पाणी कोण भरणार, हे सगळं आडवं आलं. मग एका मैत्रिणीने सुचवलं की एजन्सीमार्फत सहा महिन्यांच्या कंत्राटावर जा, जमलं तर वाढव, नाही जमलं तर परत ये. चार ठिकाणी चौकशी केली. ती सगळी जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असताना, म्हणून दिवस लक्षात आहेत.

पहिली एजन्सी स्टेशनजवळ. जिना चढून वर गेलं की काचेचं दार, आत एसी, भिंतीवर परदेशी नर्सांचे फोटो. साहेबांनी चहा मागवला आणि आकडा सांगितला: ३५,०००. माझ्या पगाराच्या दुप्पट. मी घरी येईपर्यंत डोक्यात स्कूटी घेऊन झाली होती.

आई बिडी वळते. आमच्याकडे महत्त्वाचे कागद वाचायची जागा म्हणजे तिच्या सुपाशेजारची फरशी. मी वाचत होते, ती पानं कापत होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "फंड कोण भरतंय? त्यांचा वाटा ते भरत्यात का तुझ्यातनंच कापत्यात?"

मला उत्तर देता येईना. तीस वर्षं बिडी कारखान्याचं कार्ड सांभाळलेल्या बाईला फंड म्हणजे काय हे नर्सिंग कॉलेजच्या मुलीपेक्षा जास्त कळतं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन साहेबांकडून आकडा फोडून घेतला. पीएफ माझा १,८००, आणि मालकाने भरायचा १,८०० तोही माझ्याच ३५,००० मधून. प्रोफेशनल टॅक्स २००. खोली ४,५००. 'सर्व्हिस चार्ज' म्हणून दर महिन्याला १,५००. हातात २५,२००. जेवण वेगळं.

एवढंही मी सोसलं असतं, पण साहेब पुढे म्हणाले, "जॉइनिंगच्या दिवशी ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करायचे, कंत्राट संपलं की परत." कशासाठी? तर मुली मध्येच पळून जातात म्हणून. माझं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कुणाच्या तरी कपाटात कुलूपबंद ठेवून मी दुसरीकडे अर्ज कसा करायचा? साहेब म्हणाले, "करायचाच कशाला?" मी कागद उचलले, चहा तसाच ठेवला. (चहा बरा होता, पण त्याला काय करायचं.)

दुसरीचं तर ऑफिसच नव्हतं, व्हॉट्सअॅपच फक्त. रजिस्ट्रेशन फी २,५००, आणि "आमच्या ४०० सिस्टर सध्या पुण्या-मुंबईत ड्युटीवर आहेत." इथे एक युक्ती सांगते, माझ्या चुलतभावाने शिकवलेली, तो अकाउंटंटकडे कामाला आहे. ईपीएफओच्या (पीएफ खात्याच्या) साइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. एजन्सीचं नाव टाकायचं, मग भरणा बघायचा. कुठल्या महिन्याचा फंड कुठल्या तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, हे तिथे उघड दिसतं. लॉगिन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. चारशे सिस्टर सांगणाऱ्या एजन्सीच्या नावापुढे अकरा माणसं होती. भरणाही तीन महिने थकलेला, खरं तर तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. मी फक्त त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यांनी मला ब्लॉक केलं.

तिसरीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घरगुती पेशंट सांभाळायला बाया पाठवतात, त्यांना आयसीयूवाली नकोच होती. तसं पहिल्याच फोनवर सांगितलं, तेवढ्यासाठी आभार.

चौथीकडे जाण्याआधी मी आमच्या कॉलेजच्या एका सीनियर ताईला फोन केला. ती आता अमेरिकेत टेक्सासात असते, एनक्लेक्स ही तिकडच्या लायसन्सची परीक्षा देऊन गेली. सुरुवातीचा करार संपल्यावर ती ट्रॅव्हल नर्स झाली. तिकडे हा रीतसर धंदाच आहे: साधारण १३ आठवड्यांचं कंत्राट, संपलं की दुसरं शहर. चाळीसेक राज्यांत एकच लायसन्स चालतं असा त्यांचा करार आहे, त्यामुळे टेक्सासातली नर्स दुसऱ्या राज्यात नव्याने नोंदणी न करता कामाला लागते. माझी मॉर्निंग ड्युटी सुरू व्हायच्या आत, तिची रात्र असताना, आम्ही पाऊण तास बोललो.

तिनं पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "पगार विचारू नकोस, तो ते आपणहून सांगतात. वाईट दिवसाचं विचार." तिकडे पॅकेज दोन तुकड्यांत येतं, एक कर लागणारा तासाचा दर आणि दुसरा राहण्या-जेवणाचा भत्ता. तो भत्ता करमुक्त मिळवायचा तर तुमचं कायमचं घर दुसरीकडे खरोखर चालू असावं लागतं. तसं नसताना भत्ता उचलला की कर खाते मागे लागतं. त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसतो आणि मुली भुलतात. पण तिचा भर होता कंत्राटातल्या दोन ओळींवर. एक, आठवड्याचे ३६ तास हमीचे आहेत का. म्हणजे पेशंट कमी झाले आणि हॉस्पिटलने शिफ्ट रद्द केली तर पैसे मिळणार की नाही. दोन, फ्लोटिंग, आयसीयूसाठी नेलं आणि रोज दुसऱ्याच वॉर्डात पाठवलं तर काय. ती म्हणाली, कुठेही माणूस कमी पडलं की पहिल्यांदा बाहेरच्या नर्सला हलवतात, हे धरूनच चाल.

आणखी एक तिनं सांगितलं ते इथेही तंतोतंत लागू पडलं. हॉस्पिटलची एकच जागा चार एजन्स्यांकडे असते आणि प्रत्येकीचं कमिशन वेगळं. दोघींनी तुझंच नाव त्याच हॉस्पिटलला पाठवलं तर भांडण नको म्हणून हॉस्पिटल ते नावच बाजूला टाकतं. म्हणून कुणालाही बायोडाटा देताना "मला विचारल्याशिवाय कुठे पाठवायचा नाही" हे लेखी दे. मला हे उशिरा कळलं. स्टेशनजवळच्या साहेबांनी माझा बायोडाटा पुण्याच्या दोन हॉस्पिटलांना आधीच धाडला होता, त्यातल्या एकाचा दरवाजा माझ्यासाठी तेवढ्याने बंद झाला.

फोन ठेवल्यावर मी एका कोऱ्या टीपीआर (ताप-नाडी-श्वास नोंदायच्या) चार्टच्या मागे तीन प्रश्न लिहिले. पहिले दोन ताईचे. तिसरा माझा: सुई टोचली तर खर्च कोणाचा? कारण ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) महिना २१,००० पर्यंतच्या पगारालाच आहे. त्याच्या वर गेलात की ते छत्र संपलं. सोलापुरात १६,५०० वर माझा ईएसआय कापला जायचा आणि मी कुरकुर करायचे. पगार वाढणार म्हणजे तेही जाणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चौथी एजन्सी पुण्याची. फोनवर एक मॅडम आल्या, त्या स्वतः वीस वर्षं स्टाफ नर्स होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, मीच ओळखलं, "नाईटला किती पेशंटला एक सिस्टर?" हा मी विचारायचा प्रश्न त्यांनी आधीच सांगून टाकला. आयसीयूत दोनाला एक, कधी कधी तीन. पगार ३०,०००. मी मनात म्हटलं, पाच हजार गेले.

मग मी चार्ट उलटा केला. पहिल्याला उत्तर: महिन्याच्या २६ ड्युट्या, हॉस्पिटलने रद्द केल्या तरी २४ चे पैसे एजन्सी देणार, नेमणूकपत्रात लिहून. दुसऱ्याला उत्तर: "हलवतात गं. नाही म्हणून खोटं कशाला बोलू? पण जनरल वॉर्डात महिन्याला चारच्या वर नाही. जास्त झालं तर मला फोन कर." तिसऱ्याला त्या गप्प झाल्या. म्हणाल्या, "हे आमच्या पत्रात नाहीये. मला विचारावं लागेल. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ईमेल आला. ड्युटीवर झालेल्या इजेचा उपचार आणि तपासण्या एजन्सीच्या खर्चाने, आणि गटविमा वेगळा. माझी निवड त्या ईमेलने झाली नाही, आदल्या दिवशीच्या "विचारावं लागेल" या शब्दांनी झाली. स्टेशनजवळच्या साहेबांना एकही गोष्ट विचारावी लागली नव्हती.

हिशेबही मांडला, आईसमोरच. ३०,००० मधून माझा पीएफ १,८००, टॅक्स २००. मालकाचा फंड वरून. खोली २,०००. हातात २६,०००. पस्तीसवाल्यापेक्षा आठशे जास्त, आणि फंडात महिन्याला दोन्ही वाटे मिळून ३,६००. आईने एक बिडी बांधून संपवली आणि म्हणाली, "जा मग."

मॅडमनी एका गोष्टीसाठी मात्र मला पळवलं. जॉइन व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झाल्याचा पुरावा आणि अँटीबॉडीचा टायटर (रक्तातलं तिचं प्रमाण) रिपोर्ट. डोस कॉलेजात झाले होते, टायटर कधीच केला नव्हता. स्वतःच्या पैशाने करून आणा म्हटल्यावर मी चिडले. दहाच्या वर असला तर संरक्षण आहे असं धरतात. माझा ४६ आला.

हुतात्मा एक्सप्रेसने गेले. सकाळी साडेसहाची गाडी, अण्णा सोडायला आले, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सहा महिने त्या चटणीच्या बरणीवर पाच जणींचे हात पडले, ते पुढे.

आता तक्रारी. खोली म्हणजे दोन बेडरूमचा फ्लॅट आणि त्यात सहा जणी. गीझर एक, तोही दुसऱ्या महिन्यात गेला, आणि दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. हॉस्पिटल चालत पंचवीस मिनिटं. रात्री आठला ड्युटी संपली की तो रस्ता एकटीने चालण्यासारखा नाही, म्हणून आम्ही एकमेकींसाठी गेटवर थांबायचो. एकीचं हँडओव्हर लांबलं की सगळ्या लटकायच्या. मुलाखतीत खोलीबद्दल मी फक्त भाडं विचारलं होतं, अंतर नाही. चूक माझी, पण त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. पहिला पगार सात तारखेला म्हणाले आणि तेराला झाला. नंतर मात्र एकदाही आठच्या पुढे गेला नाही. जनरल वॉर्डात दुसऱ्या महिन्यात सात दिवस टाकलं. मॅडमना फोन केला, तिसऱ्या महिन्यात दोनवर आलं.

आणि तिसऱ्या महिन्यातली ती रात्र. पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. व्हेंटिलेटरवरचे काका, एबीजी घेत होते, त्यांनी अचानक हात ओढला आणि सुई माझ्या डाव्या तर्जनीत. ग्लोव्हच्या आत रक्ताचा ठिपका पसरताना दिसला. ग्लोव्ह काढला, नळाखाली साबणाने धुतलं. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, हे पाठ आहे, तरी हात पिळायलाच जातो. काका संध्याकाळी दुसऱ्या हॉस्पिटलमधून आलेले, फाइलमध्ये व्हायरल मार्करच (एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या) नाहीत.

कॅज्युअल्टीत गेले तर ड्युटीवरचा मुलगा म्हणतो, "तुम्ही आमच्या रोलवर नाही ना? कंत्राटी स्टाफचा फॉर्म इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरकडे. त्या नऊला येतात." एचआयव्हीसाठीच्या गोळ्या, पीईपी, जमलं तर दोन तासांत सुरू करायच्या असतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. नऊ वाजेपर्यंत मी सहा तास घालवायचे?

मॅडमना ३ वाजून २५ मिनिटांनी फोन लावला. चौथ्या रिंगला उचलला. "टायटर किती होता तुझा?" त्यांनी पहिलं हे विचारलं. शेहेचाळीस. "मग बीची काळजी सोड. काकांचं रक्त रॅपिड टेस्टला पाठव, आणि फोन चालू ठेव." दहा मिनिटांत नाईट सुपरिंटेंडंट खाली आल्या, झोपेतून उठलेल्या, केस विस्कटलेले. त्या त्या मुलाला काय म्हणाल्या ते लिहीत नाही. पावणेपाचला माझी पहिली गोळी झाली. सकाळी काकांचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. माझ्या पुढच्या तपासण्या सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी झाल्या, दोन्ही स्वच्छ. बिलं एजन्सीने भरली, मला कागदही मागितला नाही. घरी हे मी अजून सांगितलेलं नाही. आई हे वाचत नाही, अण्णांना कुणी वाचून दाखवू नका.

पाचव्या महिन्यात मॅडम एजन्सी सोडून गेल्या. त्यांच्या जागी एक पोरगा आला, तो फोन उचलत नाही, 'टायपिंग' दाखवतो आणि थांबतो. आणि नेमकं तेव्हाच अनुभवाच्या दाखल्याचं आलं. एजन्सीने स्वतःच्या लेटरहेडवर छान दाखला पाठवला. मी म्हटलं, मला ५० खाटांचं हॉस्पिटल दाखवायचंय, तुमच्या ऑफिसात खाट आहे का एक तरी? हॉस्पिटलचं एचआर म्हणे, आमच्या रोलवर नाही त्याला आम्ही दाखला देत नाही. तीन चकरा झाल्या. शेवटी मॅडमनीच जाताना सांगितलेलं आठवलं: नेमणूकपत्राचं दुसरं पान, शेवटून तिसरा मुद्दा. तिथे त्यांनी घालून ठेवलं होतं की कामाचा दाखला हॉस्पिटलने विभाग आणि खाटांच्या संख्येसह द्यायचा. ते पान पुढे ठेवलं. चौथ्या चकरेला दाखला मिळाला, फक्त खाटा २२० ऐवजी २० छापल्या होत्या. पाचव्या चकरेला शून्यासकट दुसरा दोनही आला.

पाचपैकी किती म्हणाल तर मॅडम असताना साडेचार, नसताना अडीच. गीझरचा अर्धा दोन्हीकडून वजा. कंत्राट मी आणखी सहा महिन्यांनी वाढवलंय, खोली मात्र आम्ही तिघींनी मिळून हॉस्पिटलजवळ वेगळी घेतली. मॅडम आता दुसऱ्या एजन्सीत आहेत, त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात सुट्टीला आले होते तेव्हा स्टेशनजवळच्या साहेबांचा फोन आला. आता ३८,००० म्हणतायत. येताना ओरिजिनल घेऊन या, म्हणाले.